कपाटाची किल्ली

तर झालं असं. तीन वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी मिळून गावी, मालवण तालुक्यात, शाळकरी मुलांसाठी प्रोग्रॅमिंगचा वर्ग सुरू केला. गावच्या वाचनालयाची मागची खोली, 7 जुने लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि एक लोखंडी कपाट एवढा संसार. महिन्यातून एकदा आमच्यापैकी कोणीतरी पुण्याहून जायचं. बाकीचे रविवार मुलं घरून, मोबाइलवर, व्हिडिओ कॉलने. पहिल्या रविवारी 31 मुलं आली. सहाव्या महिन्यात 12 उरली. दहाव्या महिन्यात 4, त्यातली दोन माझी सख्खी भाचरं, म्हणजे ती मोजायचीच नाहीत. मग मला तीन महिन्यांसाठी परदेशी जावं लागलं आणि वर्ग गुपचूप बंद पडला. कोणी तक्रारसुद्धा केली नाही. तेच जास्त लागलं.

आम्ही इंजिनिअर माणसं. लगेच कारणमीमांसा सुरू. एक्सेलमध्ये तक्ता केला: नेटवर्क जातं, दहावीच्या शिकवण्या, क्रिकेटचे सामने, जत्रा, शेतीची कामं. सगळी कारणं मुलांच्या बाजूची. परत आल्यावर गावी गेलो तेव्हा काकांना हा तक्ता अगदी अभिमानाने समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कपाटाची चावी खंय आसा?"

चावी माझ्या बॅगेत होती. म्हणजे पुण्यात. म्हणजे महिन्यातले 29 दिवस ते 7 लॅपटॉप कुलपात.

"झिला, चावी पुण्याक, तू परदेशात, आणि पोरां येनत नाय म्हणान कागदार लिवतंस?"

यावर उत्तर नव्हतं. पण प्रश्न डोक्यात राहिला. शिकण्यासाठी जमलेली माणसं टिकतात कशामुळे? सुरू करणं सोपं असतं हो, उद्घाटनाला नारळ फोडायला सगळेच येतात. दहा वर्षांनी, तीस वर्षांनी तिथे कोणीतरी असतं ते का असतं? याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. एक शेजारच्या तालुक्यात मिळालं आणि एक चक्क आमच्या देवळासमोर.

शेजारचा तालुका म्हणजे देवगड, आणि त्यातलं पोंभुर्ले. बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. गावात त्यांचं स्मारक आहे. 'दर्पण'चा पहिला अंक 6 जानेवारी 1832 ला निघाला, म्हणून तो दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळतात, एवढं आपल्या सगळ्यांना सामान्यज्ञानाच्या पुस्तकामुळे माहीत असतं. मीही तेवढंच जाणून होतो. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र, एक मार्काचा प्रश्न, संपलं.

पण जरा थांबून बघा. बाळशास्त्रींचा जन्म 1812 चा. म्हणजे 'दर्पण' काढला तेव्हा हा माणूस विशीत होता. आपल्याकडे त्या वयात पहिली नोकरी लागायची असते. कोकणातल्या खेड्यातून मुंबईला आलेला मुलगा, घरी वडिलांकडे संस्कृत शिकलेला, मुंबईत इंग्रजी आणि गणित शिकलेला. पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकवणारा, कुलाब्याच्या वेधशाळेचं काम सांभाळणारा, 'शून्यलब्धी' नावाने मराठीत डिफरन्शियल कॅल्क्युलसवर लिहिणारा. आणि या सगळ्याच्या जोडीला वर्तमानपत्र.

'दर्पण'ची रचना मला फार आवडते. एकाच पानावर दोन स्तंभ, एक इंग्रजी आणि एक मराठी. मराठी आपल्या लोकांसाठी आणि इंग्रजी राज्यकर्त्यांसाठी, हा उद्देश तर होताच. पण इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मराठी मुलाला शेजारी-शेजारी दोन्ही मजकूर मिळत होते, आणि मराठी शिकणाऱ्या साहेबालाही. वर्तमानपत्र हेच पाठ्यपुस्तक! सुरुवातीला पाक्षिक होता, 4 मे 1832 पासून साप्ताहिक झाला. त्यात वाचकांची पत्रं छापली जात, विधवांच्या पुनर्विवाहासारख्या विषयांवर वाद झडत. आपल्या लोकांनी परदेशी विद्या शिकाव्यात आणि उघडपणे चर्चा करायला एक जागा असावी, हे संपादकाने आरंभीच सांगून टाकलं होतं. थोडक्यात, बातम्या देणं हे निमित्त, लोकांना एकत्र शिकायला लावणं हे खरं काम.

आता या कामाच्या वाटेतल्या अडचणी बघा. मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली 1853 ला. अर्ध्या आण्यात देशभर पत्र पोचवणारं टपाल सुरू झालं 1854 ला. म्हणजे 'दर्पण'च्या काळात यातलं काहीच नाही. मुंबईतून निघालेला अंक आमच्या किनाऱ्यावर पोचायचा तर गलबताने किंवा पायी. वाचता येणारे मूठभर, विकत घेऊन वाचणारे त्याहून कमी. वर्गणीदारांचा जो आकडा सांगितला जातो तो साधारण 300 चा. आपल्या एका मध्यम सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपएवढा.

जून 1840 मध्ये 'दर्पण'चा शेवटचा अंक निघाला. जवळजवळ साडेआठ वर्षं, हिशेब केला तर चारशेच्या वर अंक. आणि नंतर बंद.

माझ्या एक्सेलच्या तक्त्यात हे टाकलं असतं तर निकाल सरळ आला असता: अपयशी. वर्गणीदार वाढले नाहीत, पैसा सुटला नाही, साडेआठ वर्षांत गाशा गुंडाळला. त्याच 1840 मध्ये बाळशास्त्रींनी 'दिग्दर्शन' नावाचं मासिक सुरू केलं. मराठीतलं पहिलं मासिक. त्यात भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान असं सगळं साध्या मराठीत. तेही काही वर्षांत थांबलं. 1845 मध्ये ज्ञानेश्वरीची पहिली शिळाछाप प्रत त्यांनी काढली. शिक्षक तयार करण्याचा वर्गही चालवला. आणि मे 1846 मध्ये ते गेले. वय 34.

मी पोंभुर्ल्याहून परत येताना बाइकवर हाच विचार करत होतो. एवढा अफाट माणूस, आणि त्याने लावलेली दोन्ही रोपं त्याच्या डोळ्यांदेखत सुकली. मग आपल्या 7 लॅपटॉपचं काय घेऊन बसलात?

पण इथे माझी चूक होत होती. मी 'दर्पण' मोजत होतो. माणसं मोजत नव्हतो.

'दर्पण'मध्ये बाळशास्त्रींच्या जोडीला एक माणूस होता, गोविंद विठ्ठल कुंटे. लोक त्यांना भाऊ महाजन म्हणत. 'दर्पण' बंद पडल्यावर साधारण सव्वा वर्षाने, 24 ऑक्टोबर 1841 ला, या भाऊंनी स्वतःचं 'प्रभाकर' सुरू केलं. हे पत्र मराठीतूनच निघायचं, म्हणजे ज्यांना इंग्रजीशी घेणंदेणं नाही त्यांच्यासाठीही. 1848 पासून याच 'प्रभाकर'मध्ये लोकहितवादींची शतपत्रं छापून आली. म्हणजे गोपाळ हरी देशमुखांना तोफ डागायला जी जागा मिळाली ती 'दर्पण'मध्ये तयार झालेल्या माणसाने उभी केलेली.

दुसरा धागा वर्गातला. दादाभाई नौरोजी हे एल्फिन्स्टनमधले बाळशास्त्रींचे विद्यार्थी. बाळशास्त्री जाऊन दोन वर्षं झाली होती. 1848 मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या प्राध्यापकांनी मिळून एक सभा काढली, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. नियमाने जमायचं, कोणीतरी निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. लवकरच त्यांच्या लक्षात आलं की इंग्रजीत निबंध वाचून घरच्यांना काही कळत नाही. म्हणून मराठी आणि गुजराती अशा दोन ज्ञानप्रसारक शाखा काढल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग, आपल्या मराठी व्याकरणवाले. तिथे वाचलेले निबंध छापायला 1850 मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक निघालं. आणि 1849 मध्ये याच पोरांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. पगारी शिक्षक कुठून आणणार? सभासदच आळीपाळीने शिकवायला उभे राहिले.

'मराठी ज्ञानप्रसारक' 1867 पर्यंत चाललं. त्याच वर्षी 'विविधज्ञानविस्तार' सुरू झालं आणि ते 1937 पर्यंत चाललं. वर्षं मांडून बघा: 1832, 1841, 1848, 1850, 1867, 1937. मध्ये कुठेही मोठी फट नाही. प्रत्येक भांडं फुटलं, पण त्याआधी आतलं दुसऱ्या भांड्यात ओतून झालं होतं.

आता हे आपोआप झालं का? मला तरी वाटत नाही. बाळशास्त्रींच्या भोवती जमलेल्या लोकांना फक्त ऐकायचं काम नव्हतं. भाऊ महाजन अंक काढण्यात होते, म्हणून त्यांना अंक काढता आला. वाचकांची पत्रं छापली जात, म्हणून काही वाचकांना लिहायची सवय लागली. सभेत आज ऐकणाऱ्यावर पुढे कधीतरी निबंध वाचायची पाळी यायची. ज्याला पाळी येणार हे माहीत असतं तो वेगळ्या कानाने ऐकतो, हे कॉलेजात सेमिनार दिलेल्या कोणालाही पटेल.

एक मात्र कबूल करायला हवं. ही साखळी लांब होती पण रुंद नव्हती. त्यात बहुतेक सगळे उच्चवर्णीय हिंदू आणि पारशी पुरुष. मुलींच्या शाळा काढल्या तरी सभेत निबंध वाचायला मुली नव्हत्या. पाळी फिरत होती, पण ठराविक घरांतून. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता दुसरं उत्तर. हे मात्र पुस्तकात सापडलं नाही.

पोंभुर्ल्याहून आलो त्याच आठवड्यात आमच्या गावची जत्रा होती. जत्रा म्हणजे दशावतार, आमच्या भाषेत धयकालो. पालखी फिरून आली की मध्यरात्रीच्या सुमारास देवळासमोर नाटक सुरू होतं आणि पहाटे दहीकाल्याने संपतं. लहानपणापासून बघतोय, पण त्या रात्री डोक्यात कपाटाची किल्ली होती, त्यामुळे वेगळंच काहीतरी दिसलं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मंच म्हणजे मागे एक पडदा आणि समोर एक बाकडं. हे बाकडं राजाचं सिंहासन, तेच डोंगर, तेच पलंग. बाजूला पेटी, मृदंग, झांज. आधी पूर्वरंग, त्यात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा काळा संकासुर येतो आणि मालवणीत लोकांची टोपी उडवतो. मग उत्तररंगात पुराणातलं आख्यान. सगळी कामं पुरुषच करतात, बायकांचीसुद्धा. आणि मुख्य गोष्ट, संहिता नाही. लिहिलेलं एक वाक्य नाही. आज कुठलं आख्यान लावायचं ते संध्याकाळी ठरतं, प्रसंगांचा क्रम बोलून घेतात आणि तोंडाला रंग लावायला बसतात. संवाद जागेवर, समोरचा काय बोलतो ते ऐकून. हा प्रकार कोकणात कधी आला यावर अभ्यासकांत वाद आहेत. श्यामजी नाईक काळे यांचं नाव आणि 1728 हे साल परंपरेने सांगितलं जातं. ते सोडून दिलं तरी काही पिढ्या तर नक्कीच झाल्या. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर ही मंडळांची नावं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतात.

आता विचार करा. पुस्तक नाही, शाळा नाही, परीक्षा नाही. तरी नवीन नट तयार होतोच आहे. कसा?

त्या रात्री रिद्धी-सिद्धीच्या सोंगात दोन कोवळी पोरं होती. गणपतीच्या दोन्ही बाजूंना नाचायचं, आरती करायची, आत जायचं. बोलायला एक शब्द नाही. चुकायला फारशी जागाच नाही. पण ती मंचावर होती! प्रेक्षकांत बसून शिकत नव्हती. आत गेल्यावर तीच पोरं दुसऱ्याची साडी नीट करून देत होती, मुकुट हातात धरून उभी होती, आणि पडद्याच्या फटीतून रात्रभर आख्यान ऐकत होती. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो तो पावसाच्या तोंडापर्यंत, आणि या गावची जत्रा झाली की पुढच्या गावची उभी असते. इतक्या रात्री फटीतून ऐकल्यावर कुठल्या राक्षसाला काय उत्तर द्यायचं हे काय शिकवावं लागणार?

आणि पहाटे. आमच्याकडे दशावतारी नटांबद्दल म्हण आहे, रातीचो राजा, सकाळी कपाळार बोजा. पूर्वी गाड्या नव्हत्या तेव्हा रात्री राजा झालेला नट सकाळी स्वतःच्या डोक्यावर सामानाचा पेटारा घेऊन पुढच्या गावी चालत जायचा. ही म्हण आपण गरिबीवर म्हणून ऐकतो, आणि ती गरिबी खरी होती, तिला सोनेरी मुलामा देण्यात अर्थ नाही. पण त्यात अजून एक गोष्ट आहे. पेटारा एका मालकाच्या घरी कुलपात नव्हता. तो मंडळाबरोबर चालत होता, आणि तो उचलायची पाळी राजावरही येत होती.

दुसरं म्हणजे दशावतार बदलला. हल्ली ट्रिकसीनवाली नाटकं होतात, आग काय लागते, नाग काय निघतो! जुने लोक नाकं मुरडतात. बायकांनीही दशावतारी नाटकं केलीत. म्हणजे जी दारं पिढ्यान् पिढ्या बंद होती तीही हलतायत, सावकाश का होईना. पण जत्रेची तिथी मात्र हलत नाही. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की अमुक तिथीला रात्री इथे काहीतरी असणार. मेसेज टाकावा लागत नाही.

मी पडद्याजवळ उभा राहून हे बघत होतो आणि आमचा वर्ग आठवत होतो. आमच्या वर्गात मुलांना काम काय होतं? बसायचं, बघायचं, मी सांगेन ते टाइप करायचं. प्रोजेक्टर मी जोडायचो. लॅपटॉप मी पुसायचो. अडलेल्या प्रत्येकाचं उत्तर मी द्यायचो, आणि त्याचा मला छुपा आनंदही व्हायचा, खोटं कशाला बोलू. तारीखही माझ्या सुट्टीप्रमाणे ठरायची. ती 31 मुलं म्हणजे दहा महिने माझे प्रेक्षक होते. प्रेक्षक कंटाळले की उठून जातात. त्यात त्यांचं काय चुकलं?

असो. पुढे काय केलं ते सांगतो आणि संपवतो.

दुसऱ्या दिवशी काकांबरोबर वाचनालयात गेलो. त्या 12 जणांत एक मुलगी होती, तेव्हा दहावीत, आता अकरावीत. वर्गात कधी फार बोलली नव्हती. पण शेजारच्या मुलाचा प्रोग्रॅम अडला की त्याच्या स्क्रीनकडे हळूच बोट दाखवायची, हे मला आठवत होतं. तिच्याकडे आणि वाचनालयाच्या ग्रंथपालांकडे एकेक किल्ली दिली. आमच्यातल्या एका मित्राला हे पटलं नाही. लॅपटॉप मोडतील, चोरीला जातील, जबाबदारी कोणाची? आणि अकरावीतल्या पोरीवर हे ओझं टाकणं बरं का? प्रश्न चुकीचे नव्हते. आम्ही तासभर भांडलो. शेवटी मी म्हटलं, गेलं वर्षभर एकही लॅपटॉप मोडला नाही, कारण एकही उघडला नाही.

वार ठरला, रविवार सकाळी दहा. आम्ही असू किंवा नसू. नवीन येणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी एकच काम: पाटीवर तारीख लिहायची आणि हजेरी घ्यायची. तिसऱ्या रविवारी त्याने दुसऱ्याला एक गोष्ट शिकवून दाखवायची, अगदी फाइल सेव्ह कशी करायची एवढी का होईना.

याला आता सात महिने झाले. सध्या 9 मुलं येतात. 31 नाही, 9. एका लॅपटॉपवर चहा सांडला आणि तो मेला. दोन रविवार मुसळधार पावसामुळे कोणीच आलं नाही. गेल्या महिन्यात मला कॉलवर यायला वीस मिनिटं उशीर झाला. घाईघाईने जॉइन झालो तर तिथे आठवीतला एक मुलगा लूप समजावून सांगत होता, आणि चक्क चुकीचा सांगत होता. मी तोंड उघडणार एवढ्यात मागून त्या मुलीचा आवाज आला, "थांब रे, परत बघ, ह्या खंय थांबताला?"

मी म्यूट करून बसून राहिलो. त्यांना माझं असणं कळलंच नव्हतं बहुतेक.